एकाच वेलीवर दुसऱ्याच जातीचा घड? ‘थॉम्पसन’ची ‘सोनाका’ कशी झाली, जाणून घ्या

जानेवारीअखेरची द्राक्षबाग. मण्यांत पाणी उतरायला लागलेले. एका वेलीवर सगळे घड नेहमीच्या मण्यांचे, पण एकाच काडीवरचे दोन घड वेगळे. मणी बोटाच्या पेरासारखे लांबट. खोड तेच, ठिबकचे पाणी तेच, फवारणी तीच, छाटणीही त्याच दिवशी झालेली. मग ही काडी वेगळी का वागली?

बहुतेक वेळा उत्तर साधे असते. औषध कमी-जास्त लागले, बोरॉन कमी पडले किंवा फांदी खुंटरोपाची निघाली. पण क्वचित असेही होते की त्या एका डोळ्यातल्या जनुकांतच बदल झालेला असतो. त्या काडीचे डोळे दुसरीकडे भरले, तर तिथेही तसेच लांब मणी येतात. शास्त्रज्ञ याला कळी-उत्परिवर्तन म्हणतात, इंग्रजीत ‘बड स्पोर्ट’. महाराष्ट्रातल्या द्राक्षांचा गेल्या काही दशकांचा इतिहास बऱ्याच अंशी अशा वेगळ्या निघालेल्या काड्यांचा आहे. तास-ए-गणेश, सोनाका आणि शरद सीडलेस या तिन्ही जाती कुठल्या प्रयोगशाळेत संकर करून तयार झालेल्या नाहीत. बागेत फिरताना कुणाच्या तरी नजरेला त्या पडल्या.

काडीपासून वाढलेले झाड म्हणजे नेमके काय?

आंब्याची कोय पेरली तर झाड आंब्याचेच येते, पण फळ आईसारखे असेलच असे नाही. बी तयार होताना दोन पालकांचे गुण नव्याने पिसले जातात, पत्त्यांसारखे. म्हणून फळबागेत बी पेरून कुणी लागवड करत नाही. काडी लावतात, डोळा भरतात, कलम बांधतात. काडीपासून आलेली वेल ही मूळ वेलीचे बाळ नसते, मूळ वेलीचाच वाढवलेला तुकडा असते. तासगावातल्या एका बागेतली हजार झाडे म्हणजे जनुकांच्या हिशेबात एकच झाड.

द्राक्षाच्या बाबतीत तर दुसरा मार्गच फारसा नाही. महाराष्ट्रात रुजलेली ‘थॉम्पसन सीडलेस’ बिनबियांची. तिच्या फुलात फलधारणा होते, बी धरायला सुरुवातही होते, पण ती कोवळ्या वयातच खुरटते. जगभर ही जात ‘सुलताना’ आणि ‘किशमिश’ या नावांनी फार जुन्या काळापासून आहे. थॉम्पसन हे नाव तिला १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात ती लावणाऱ्या विल्यम थॉम्पसन यांच्यावरून पडले. बी खुरटण्याचे कारण एका जनुकातला एका अक्षराचा बदल असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. थोडक्यात, आपण बिया न थुंकता जे द्राक्ष खातो, तेसुद्धा कधी काळी झालेल्या चुकीचेच फळ आहे.

आणि बी नाही म्हणजे थॉम्पसनला आई धरून संकर करणे अवघड. तिचे परागकण दुसरीकडे वापरता येतात, किंवा खुरटणारा गर्भ वेळीच काढून काचेच्या नळीत वाढवावा लागतो. शेतकऱ्याच्या आवाक्यातला मार्ग एकच उरतो: काडीवर काडी लावत जायचे आणि एखादी वेगळी निघते का, यावर नजर ठेवायची.

मग सगळी झाडे सारखी असताना बदल येतो कुठून?

डोळा फुटतो तेव्हा त्याच्या टोकाशी असलेल्या काही पेशी सतत विभागत असतात. प्रत्येक वेळी पेशीला आपला सगळा जनुकसंच उतरवून काढावा लागतो. द्राक्षाचा जनुकसंच सुमारे ५० कोटी अक्षरांचा. एवढे लिखाण पुन्हापुन्हा उतरवताना कुठेतरी एखादे अक्षर चुकते, कधी मोठा तुकडा गळतो, तर कधी एखादा भटका तुकडा जागा सोडून भलतीकडे घुसतो. झेरॉक्सच्या झेरॉक्सचे उदाहरण इथे बऱ्याचदा दिले जाते. पण ते अर्धेच खरे आहे. झेरॉक्स दरवेळी फिकटच होत जाते. इथे बहुतेक चुका कुणाच्या लक्षातही येत नाहीत, काही नुकसान करतात आणि फार थोड्या उपयोगाच्या ठरतात.

चूक पानाच्या एखाद्या जुन्या पेशीत झाली, तर पान गळून पडते आणि विषय संपतो. ती डोळ्याच्या टोकावरच्या पेशीत झाली, तर पुढची अख्खी काडी, तिची पाने आणि तिचे घड त्या बदललेल्या पेशीपासून घडतात. काडी बदलली, बाकीची वेल होती तशीच राहिली.

इथे एक गंमत आहे आणि ती समजली की पुढच्या बऱ्याच भानगडी उलगडतात. द्राक्षाच्या डोळ्याचे टोक दोन थरांचे असते. वरच्या थरापासून सालीचा सर्वांत बाहेरचा पडदा तयार होतो, आतल्या थरापासून गर आणि बाकी सगळे. थर सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. त्यामुळे चूक एकाच थरात राहू शकते आणि वेल दोन वेगळ्या जनुकसंचांची होते, वर एक आणि आत दुसरा. याला ‘कायमेरा’ म्हणतात.

फ्रान्समधली ‘पिनो’ ही वाइनची द्राक्षे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. काळी ‘पिनो न्वार’, राखाडी-गुलाबी ‘पिनो ग्री’ आणि पांढरी ‘पिनो ब्लाँ’ मुळात एकच. पिनो ग्रीच्या आतल्या थराने रंग तयार करण्याची ताकद गमावली, वरच्या थरात ती शिल्लक राहिली. रंग फक्त सालीच्या सर्वांत बाहेरच्या पडद्यात, म्हणून मणी राखाडी. पुढे दोन्ही थरांत रंगहीन पेशी आल्या की पांढरी पिनो ब्लाँ. बाजारात तीन नावे आणि वाइनच्या तीन बाटल्या. ‘पिनो म्युनिए’ हा चौथा भाऊ तर आणखी विचित्र. त्याच्या कोवळ्या पानांवर पीठ शिंपडल्यासारखी पांढरी लव असते आणि तिला कारण फक्त वरच्या थरातला बदल. संशोधकांनी फक्त त्या वरच्या थराच्या पेशींपासून झाड वाढवले, तेव्हा एक बुटकी वेल निघाली. जिथे तणावे यायचे, तिथे तिला घड लागले! हे संशोधन २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

रंग जाणे जसे घडते, तसे परत येणेही. पांढऱ्या द्राक्षांत रंगाचे काम पाहणाऱ्या जनुकात एक भटका तुकडा घुसून बसलेला असतो, त्यामुळे ते जनुक बंद. ब्राझीलमध्ये ‘इटालिया’ या पांढऱ्या जातीच्या वेलीवर लाल घड दिसले आणि त्यातून ‘रूबी ओकुयामा’ ही जात आली. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले की तिच्यात त्या तुकड्याचा बराचसा भाग निघून गेला होता आणि जनुक पुन्हा चालू झाले होते.

तासगाव आणि नान्नजमध्ये काय घडले?

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनमधून वेगळी वेल निवडली. तिचे मणी थॉम्पसनपेक्षा लांबट होते. तीच ‘तास-ए-गणेश’. नावातले ‘तास’ तासगावचे. ही जात पुढे राज्यभर इतकी पसरली की ‘थॉम्पसन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेट्यांत प्रत्यक्षात तीच असते.

सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे यांचे नाव या विषयात सर्वांत मोठे. दंडगोल, लांब मण्यांची ‘सोनाका’ त्यांचीच. नावाची फोड केली तर पत्ताच मिळतो: सोलापूर, नान्नज, काळे. काळ्या द्राक्षांतली ‘शरद सीडलेस’सुद्धा नान्नजचीच. ती थॉम्पसनपासून आलेली नाही. मध्य आशियातून आलेल्या ‘किशमिश चोर्नी’ या काळ्या जातीत हा बदल निघाला. सोलापूरच्याच दाबाडे यांनी निवडलेली ‘माणिक चमन’ पुन्हा थॉम्पसनमधलीच. त्यानंतर निवडीतून निवड सुरू झाली. सोनाकामधून सुपर सोनाका, शरदमधून नानासाहेब पर्पल.

एवढे वाण महाराष्ट्रातच का दिसले? थोडा हिशेब केला तर अंदाज येतो. नऊ बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरात ९६८ वेली बसतात. वेलीला ३० घड धरले तरी एकरात २९ हजार घड. आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. म्हणजे दरवर्षी दोनदा सगळे डोळे नव्याने फुटतात. त्यातही महत्त्वाचे हे की निर्यातीच्या बागेत प्रत्येक घडाला हात लागतो. विरळणी करायची, पाकळ्या कमी करायच्या, जीएच्या द्रावणात घड बुडवायचे. बदल जगात सगळीकडे होत असणार. पण यंत्राने तोडणी होणाऱ्या बागेत तो बघायला कुणी नसते. इथे एकेक घड माणसाच्या डोळ्यांखालून जातो आणि विरळणी करणाऱ्या बायकांची नजर या कामात कुणाहीपेक्षा तयार असते. वाणाच्या नोंदीत मात्र त्यांचे नाव येत नाही.

लांब मण्यालाच एवढे महत्त्व का, यालाही व्यवहारी कारण आहे. थॉम्पसनचा मणी मोठा करायला जीए द्यावे लागते, त्याच्या मात्रा आणि वेळा सांभाळाव्या लागतात, मजूर लागतात. मुळातच लांब मणी देणारी काडी सापडली, तर हा खर्च काही प्रमाणात कमी होतो आणि भाव वर जातो. परदेशातून येणाऱ्या पेटंट जातींसाठी रॉयल्टी मोजावी लागते. आपल्याच वेलीवर निघालेल्या काडीला ती लागत नाही.

हे फक्त द्राक्षातच घडते का?

नाही. बाजारातल्या अनेक फळांच्या मागे अशी एखादी फांदी निघेल.

बेंबीवाले ‘नेव्हल’ संत्रे ब्राझीलच्या बाहिया प्रांतात एका झाडावर निघाले. तेही बिनबियांचे. त्याची दोन झाडे १८७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी एलायझा टिबेट्स या बाईंनी अंगणात लावली आणि तिथल्या संत्रा उद्योगाचा पाया घातला गेला. त्यांतले एक झाड आजही उभे आहे. रोगाच्या किडीपासून वाचवण्यासाठी सध्या ते जाळीच्या आड आहे. पुढे व्हेनेझुएलात १९७६ मध्ये नेव्हलच्याच झाडावर गुलाबी गराची फळे दिसली, ती ‘कारा कारा’. पीच या लवदार फळाच्या झाडावर गुळगुळीत ‘नेक्टरिन’ लागल्याच्या नोंदी चार्ल्स डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात गोळा केल्या होत्या. तेव्हा जनुक हा शब्दही नव्हता. फळेच कशाला, ज्या बोगनवेलीवर पांढरी आणि गुलाबी फुले एकत्र दिसतात ती ‘मेरी पामर’ याच प्रकारातली, कोलकात्यात निघालेली.

जळगावची केळी हा या गोष्टीचा दुसरा चेहरा. ‘ग्रँड नैन’ची ऊतीसंवर्धित रोपे म्हणजे काचेच्या बाटलीत केलेल्या प्रतींवर प्रती. तिथे पेशी फार वेगाने विभागतात, म्हणून चुकाही वाढतात. लॉटमध्ये काही झाडे बुटकी निघतात, काहींची पाने अरुंद किंवा चट्टेदार असतात. त्यामुळे एका मूळ कंदापासून किती वेळा प्रती काढायच्या, याला प्रयोगशाळा मर्यादा घालतात. तैवानमधल्या संशोधकांनी मात्र याच चुकांचा फायदा घेतला. पनामा मर रोगाने ग्रासलेल्या जमिनीत हजारो ऊतीसंवर्धित झाडे लावून त्यातली तगणारी वेगळी काढली आणि रोग सहन करणारे वाण तयार केले.

अमेरिकेतल्या ‘रेड डेलिशियस’ सफरचंदाची कहाणी द्राक्ष बागायतदारांनी मुद्दाम वाचावी. मूळ सफरचंद लाल-पिवळ्या पट्ट्यांचे होते. बागांमध्ये अधिक लाल फांदी दिसली की तिची कलमे झाली. त्यांत आणखी लाल दिसली की तिची. अनेक दशके निवड फक्त रंगावर होत राहिली. फळ गडद लाल झाले, दुकानात उठून दिसू लागले, पण साल जाड, कडवट आणि गर पिठूळ होत गेला. ग्राहक हळूहळू दुसऱ्या जातींकडे वळले. २०१८ मध्ये ‘गाला’ या जातीने अमेरिकी उत्पादनात रेड डेलिशियसला मागे टाकल्याचा अंदाज तिथल्या सफरचंद संघटनेने जाहीर केला. आपल्याकडेही निवड बहुतेक लांबीवर चालली आहे, हे इथे नमूद करायला हवे.

वेगळी काडी खरी की फसवी, हे कसे ओळखायचे?

पहिली शंका खुंटाची. द्राक्ष डॉगरीजसारख्या खुंटावर असते, विदर्भात संत्रा जंबेरीवर. कलमाच्या जोडाखालून फूट निघाली तर ती खुंटाची, तिच्यात बदल वगैरे काही नसते. संत्र्याच्या झाडाला अचानक काटेरी फांदी आणि खडबडीत फळे आली तर सहसा हाच प्रकार असतो. फांदी कुठून निघाली, ते खाली वाकून बघितले की निकाल लागतो.

दुसरी शंका पोषणाची आणि फवारणीची. एकाच घडात मोठ्या मण्यांसोबत ज्वारीएवढे बारीक मणी दिसले तर बोरॉन किंवा जस्ताची कमतरता असू शकते. जीए दोनदा लागलेला घड लांब दिसतो. विषाणू असेल तर पानेही बोलतात. कारण पोषणाचे किंवा फवारणीचे असेल तर पुढच्या हंगामात त्या काडीचे वेगळेपण टिकत नाही, किंवा ते शेजारच्या वेलींवरही दिसते.

खरा बदल असेल तर तो काडीसोबत जातो. म्हणून परीक्षा एकच: त्या काडीचे डोळे दुसऱ्या खुंटांवर भरायचे, शेजारी मूळ जातीच्या वेली ठेवायच्या, खत-पाणी-फवारणी सारखी ठेवायची आणि दोन-तीन हंगाम वाट पाहायची. त्या वेलींच्या काड्या घेऊन पुन्हा एकदा कलमे केली आणि गुण तरीही टिकला, तर वाण स्थिर आहे असे म्हणता येते. थरांची गोष्ट इथे कामाला येते. बदल थराच्या एखाद्या कोपऱ्यातच असेल तर त्या काडीचे काही डोळे नवे गुण देतात, काही जुने. म्हणून एकाच डोळ्यावर भरवसा न ठेवता काडीवरचा प्रत्येक डोळा क्रमाने वेगळा लावून बघणे चांगले. घाई केली तर पहिल्या वर्षी ‘नवा वाण’ म्हणून घेतलेल्या काडीवर तिसऱ्या वर्षी जुनेच घड दिसतात. तोपर्यंत एकरी लाखोंचा खर्च झालेला असतो.

बाजारात नव्या नावाची काडी महाग विकली जाते. ती खरोखर वेगळी आहे की सोनाकालाच नवे नाव दिले आहे, हे नेहमीच्या डीएनए चाचणीतूनही बहुधा कळत नाही. ही चाचणी जनुकसंचातल्या ठरावीक खुणा तपासते आणि एकाच वेलीपासून निघालेल्या वाणांत त्या खुणा सारख्याच असतात. फरक असतो ५० कोटी अक्षरांतल्या भलत्याच कुठल्या तरी जागी. काडी घेण्यापूर्वी ज्या बागेतून ती आली, तिथे काढणीच्या वेळी जाऊन घड बघणे, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय.

सापडलेल्या वाणावर हक्क कुणाचा?

भारतात त्यासाठी २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असल्याचे सिद्ध झाले की नोंदणी मिळते. नव्या वाणाच्या बाबतीत वृक्ष आणि वेलींसाठी संरक्षण जास्तीत जास्त १८ वर्षांचे. शेतकऱ्याला या प्राधिकरणासमोरच्या कामकाजासाठी शुल्क माफ आहे.

अडचण वेगळीच होते. गावात वेगळी काडी निघाली की पाहुणे येतात, मित्र येतात, काड्या वाटल्या जातात, काही विकल्याही जातात. नाही कसे म्हणणार? पण ‘नवा वाण’ म्हणून नोंदणी हवी असेल तर अर्जाच्या तारखेआधी एक वर्षापेक्षा जास्त काळ तो देशात विकला गेलेला चालत नाही. परीक्षेला तर तीन-चार हंगाम लागतात. म्हणजे आधी तपासणी, मग अर्ज आणि नंतर विक्री. प्रत्यक्षात क्रम उलटा होतो. शेतकऱ्यांच्या वाणासाठी कायद्यात नवेपणाची अट नसलेली वेगळी वाट आहे, पण मूळ वेल कुणाच्या बागेत निघाली, याचे पुरावे तिथेही उपयोगी पडतात. तारखेसह फोटो, वेलीचा क्रमांक, कलमे कधी केली याची वही असे साधे कागदच कामाला येतात.

नोंदणी झाली तरी इतर शेतकऱ्यांना त्या वाणाची काडी ठेवण्याचा, वापरण्याचा आणि आपसात देण्याघेण्याचा हक्क या कायद्याने दिलेला आहे. ब्रँड लावून विकण्याला तेवढी मनाई. त्यामुळे वाण शोधणाऱ्याच्या हाती नाव राहते, पैसा मात्र फार येईलच असे नाही.

सध्या काढणीचा हंगाम आटोपला की एप्रिलमध्ये खरड छाटणी सुरू होईल. तेव्हा कैची प्रत्येक काडीवरून फिरते आणि ओलांड्यावर एक-दोन डोळेच उरतात. हंगामात दिसलेली वेगळी काडी बहुतेक वेळा इथेच संपते, कारण ती घड असताना ओळखू येते आणि छाटणीला घड नसतात. त्यामुळे घड तोडण्याआधीच काडीच्या बुडाशी रंगीत पट्टी बांधावी, वेलीच्या खोडावर रंगाने खूण करावी, फोटो काढावा आणि छाटणीच्या टोळीला ती वेल दाखवून ठेवावी. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पुढच्या चाचणीबद्दल विचारता येते. डोळे भरण्याचा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर. तोवर पट्टी उन्हाने पिवळी पडते, म्हणून खोडावरची खूण तैलरंगाची असावी.